शेळ्या खात काय होत्या?

चार वर्षांपूर्वी आमच्या भागातल्या एका वाचनालयाच्या वर्धापनदिनी मी सेंट हेलेना बेटावर बोललो. विषय होता 'गोव्याहून परागंदा झालेला पहिला माळी'. फेर्नांव लोपिश नावाच्या पोर्तुगीज सैनिकाची गोष्ट मी रंगवून सांगितली. नाक-कान कापलेला हा माणूस अटलांटिक महासागरातल्या निर्मनुष्य बेटावर एकटा उतरतो, तिथे बाग फुलवतो, आणि ते ओसाड बेट दर्यावर्द्यांसाठी नंदनवन होतं. टाळ्या पडल्या. मग मागच्या रांगेतल्या एक वयस्क काकी उठल्या. घरी चार शेळ्या बाळगणाऱ्या बाई. म्हणाल्या, "बाबानु, थंय बकऱ्यो सोडल्यानी म्हणतास, मगे त्यो खायत काय होत्यो?"

लोक हसले. मीही हसलो आणि "गवत, झुडपं, आणखी काय!" असं काहीतरी म्हणून वेळ मारून नेली. पण घरी आल्यावर तो प्रश्न मनातून जाईना. बेट ओसाड होतं, तर शेळ्या जगल्या कशावर? आणि जगल्या असतील, तर ते ओसाड कसं?

मी वनस्पतिशास्त्र शिकलेलो नाही. बँकेत कारकुनी केली, आणि जुन्या समुद्रप्रवासांच्या वाचनाचा नाद तिशीत लागला तो आजतागायत आहे. पोर्तुगीज मला येत नाही. इंग्रजी भाषांतरांवर भागवतो. त्यामुळे पुढे जे सांगतो आहे ते कुणा अधिकारी पुरुषाचं मत म्हणून वाचू नये. काकींच्या प्रश्नाचं उत्तर शोधायला मला चार वर्षं लागली, त्याचा हा हिशेब आहे.

बेटावर थांबायचं कशासाठी?

अठराव्या शतकातल्या शास्त्रीय सफरींची वर्णनं वाचताना एक गोष्ट लक्षात येते. प्रवास महिनोन्‌महिन्यांचा, पण वनस्पती गोळा झाल्या त्या थांब्यांवर, आणि हे थांबे बहुधा बेटांचे. कॅप्टन कुक 1768 साली 'एन्डेव्हर' घेऊन ताहितीकडे निघाला तेव्हा पहिला मुक्काम मदेराला पडला. जहाजावरचे जोसेफ बँक्स आणि डॅनियल सोलँडर यांना तिथे जेमतेम पाच-सहा दिवस मिळाले, तेवढ्यात त्यांनी गावाच्या आसपास जमेल तेवढ्या वनस्पती गोळा केल्या. हुंबोल्टने 1799 साली दक्षिण अमेरिकेला जाताना तेनेरिफच्या ज्वालामुखीवर चढाई केली. बुगँव्हिलच्या सफरीतला फिलिबेर कोमेर्सों 1768 साली मॉरिशसला उतरला तो तिथेच राहिला. पुरुषाच्या वेशात त्याची मदतनीस म्हणून आलेली जान बारेही त्याच्याबरोबर राहिली.

हे थांबे शास्त्रज्ञांच्या सोयीने ठरत नसत. ते ठरत पाणी, लाकूडफाटा आणि हिरवा पाला यांच्या गरजेने. दोन-तीन महिने खारवलेलं मांस आणि वाळकी बिस्किटं खाल्ली की खलाशांच्या हिरड्या सुजत, जुन्या जखमा उघडत, माणसं मरत. हा रोग म्हणजे स्कर्व्ही. ताजी फळं आणि भाजी पोटात गेली की माणूस उठून बसे. त्याचं कारण शरीराला हवं असलेलं क जीवनसत्त्व, हे कळायला विसावं शतक उजाडावं लागलं. पण 'बेटावर उतरवा, बरा होईल' हे ज्ञान नाविकांकडे फार आधीपासून होतं.

आणि कोणत्या बेटावर थांबायचं, हे वारे ठरवत. सेंट हेलेना अटलांटिकमध्ये, आफ्रिकेच्या किनाऱ्यापासून सुमारे 1,900 किलोमीटर दूर. क्षेत्रफळ अवघं 122 चौरस किलोमीटर. युरोपातून हिंदुस्थानकडे येणारी शिडाची जहाजं सहसा या बेटाला लागत नसत, कारण दक्षिण अटलांटिकमध्ये आग्नेयेकडून वाहणारे व्यापारी वारे त्यांच्या तोंडावर येत. ती ब्राझीलच्या बाजूने मोठा वळसा घेऊन केप ऑफ गुड होपकडे उतरत. परतताना मात्र तेच वारे पाठीशी असत. केप ओलांडला की जहाज आपसूक सेंट हेलेनाच्या दिशेने ढकललं जाई. म्हणजे हे बेट मुख्यतः हिंदुस्थानातून परतणाऱ्यांचं. गोवा-कोचीनहून मिरी भरून निघालेलं जहाज, त्यावरचे रोगट खलाशी, आणि वाटेत गोड पाण्याचा एकुलता ओढा. गोव्यात आर्चबिशपच्या पदरी चिटणीस असलेला डच माणूस यान हाउखेन फान लिन्सखोटेन 1589 साली परतताना इथे थांबला होता. हिंदुस्थानच्या जहाजांसाठी देवानेच हे बेट तिथे ठेवलं असावं, असा त्याच्या वर्णनाचा भाव आहे. आजारी खलाशांना बेटावर सोडून जात आणि पुढच्या वर्षीच्या जहाजाने नेत, हेही तो सांगतो.

बाणस्तारीचा कैदी

आता लोपिश. त्याची हकिकत गास्पार कोर्रेया या सोळाव्या शतकातल्या बखरकाराने लिहून ठेवली आहे. आल्बुकेर्कने 1510 साली गोवा घेतला आणि काही सैनिक मागे ठेवून तो मलाक्केच्या स्वारीवर गेला. मागे राहिलेल्यांपैकी काहीजण आदिलशहाच्या बाजूला मिळाले, मुसलमान झाले. त्यांत लोपिश होता. 1512 साली आल्बुकेर्क परतला आणि त्याने बाणस्तारीच्या किल्ल्याला वेढा घातला. आदिलशाही सरदार रसूलखानाने शरण येताना 'फितुरांचे प्राण घेऊ नयेत' अशी अट घातली. आल्बुकेर्कने अट अक्षरशः पाळली. प्राण घेतले नाहीत. पण नाक, कान, उजवा हात आणि डाव्या हाताचा अंगठा छाटला.

बाणस्तारी म्हटलं की आज गोमंतकीयांना चतुर्थीचा माटोळीचा बाजार आठवतो. रानातली फळं, वेली, कंद यांची ती लयलूट मी दोनदा पाहिली आहे. तिथे उभं राहून पाचशे वर्षांपूर्वीचा तो प्रसंग डोळ्यांपुढे आणणं जड जातं.

आल्बुकेर्क 1515 च्या डिसेंबरात वारला. त्यानंतर लोपिश पोर्तुगालला परत निघाला. वाटेत जहाज सेंट हेलेनाला पाण्यासाठी थांबलं, तेव्हा तो उतरला आणि रानात लपला. हे साधारण 1516 च्या सुमाराचं. सोबत्यांनी थोडं अन्न आणि कपडे किनाऱ्यावर ठेवले आणि जहाज निघून गेलं. जमिनीत खोदलेल्या बिळात तो राहू लागला. एका जहाजावरून पाण्यात पडलेला कोंबडा वाहत किनाऱ्याला लागला, तो त्याचा सोबती झाला. पुढे येणारी जहाजं त्याच्यासाठी बिया, रोपं, कोंबड्या, डुकरं, शेळ्या ठेवून जाऊ लागली. एका अपुऱ्या हाताने त्याने संत्री, लिंबं, डाळिंबं, भोपळे लावले. मधे एकदा त्याला पोर्तुगालला नेलं. राजाची भेट झाली, पुढे रोमला जाऊन त्याने पोपकडून पापक्षालनही करून घेतलं. पण तो पुन्हा बेटावरच परतला आणि 1545 च्या सुमारास तिथेच वारला.

ही गोष्ट खरी आहे आणि ती सांगावी अशीच आहे. माझी चूक वेगळी होती. 'ओसाड बेट' हे शब्द माझे होते. कोर्रेयाचे नव्हते.

ओसाड कुठलं?

बेट 1502 साली पोर्तुगीजांना सापडलं तेव्हा तिथे माणूस नव्हता, सस्तन जनावर नव्हतं, पण झाडी दाट होती. सेंट हेलेना म्हणजे समुद्रातून वर आलेल्या, सुमारे दीड कोटी वर्षं जुन्या ज्वालामुखीचं डोकं. कोणत्याही खंडाला ते कधी जोडलेलं नव्हतं. त्यामुळे तिथे पोचलेलं प्रत्येक बी वाऱ्यावर, पाण्यावर किंवा पक्ष्याच्या पायाला-पोटाला चिकटून आलेलं. लाखो वर्षांत एखादंच. जे आलं आणि रुजलं, त्याला मोकळं रान मिळालं. सूर्यफुलाच्या कुळातली, आपल्याकडे गुडघ्याएवढी वाढणारी झुडपं असतात, तिथे त्यांचे वृक्ष झाले. त्यांना इंग्रज वसाहतवाले गमवूड आणि कॅबेजट्री म्हणू लागले. जास्वंद-भेंडीच्या कुळातलं एक झाड काळ्या कठीण लाकडाचं झालं. त्याला आबनूस म्हणू लागले, खऱ्या आबनुसाशी त्याचं काही नातं नसताना. बोरीच्या कुळातल्या एका झाडाला ऑलिव्ह हे नाव पडलं. जगात इतरत्र कुठेही नसलेल्या अशा जवळपास पन्नास वनस्पतींची नोंद या चिमुकल्या बेटावर आहे.

आता शेळीच्या बाजूने विचार करू. आपल्याकडची झाडं जनावरांच्या तोंडून निभावत वाढली आहेत. कुणाला काटे, कुणाला कडू चीक, कुणाला उग्र वास. करवंदीची जाळी शेळीला किती अडवते हे काकींना माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक. सेंट हेलेनावर चरणारं जनावरच नव्हतं, त्यामुळे तिथल्या झाडांवर अशा शत्रूशी झुंजायची पाळी कधी आलीच नव्हती. तिथे सोळाव्या शतकाच्या सुरुवातीलाच शेळ्या सोडल्या गेल्या. हेतू वाईट नव्हता. पुढच्या जहाजाला ताजं मांस मिळावं एवढाच होता. तिथे वाघ नाही, कोल्हा नाही. इंग्रज दर्यावर्दी टॉमस कॅव्हेंडिश 1588 साली उतरला तेव्हा त्याच्या सफरीत नोंद झाली ती जवळपास मैलभर लांबीच्या शेळ्यांच्या कळपांची.

शेळी मोठं झाड पाडत नाही. म्हणूनच हे मरण कुणाच्या डोळ्यांवर येत नाही. ती रोप खाते. म्हातारी झाडं उभी असतात, फुलतात, बी टाकतात, बेट हिरवं दिसतं. फक्त नवीन झाड एकही वाढत नाही. शे-दोनशे वर्षांनी म्हातारी झाडं आपल्या मरणाने पडतात, आणि लोकांना वाटतं की जंगल अचानक गेलं. जंगल गेलं की उतारावरची माती पावसाने समुद्रात जाते आणि मग रुजायला जागाच उरत नाही.

त्यात माणसांची भर पडली. इंग्रजांच्या ईस्ट इंडिया कंपनीने 1659 साली बेटावर वसाहत केली. कातडी कमावण्यासाठी आबनूस आणि रेडवूड यांची साल लागे. झाड तोडून सगळी साल काढण्यापेक्षा उभ्या खोडाची हाताला लागेल तेवढी सोलणं सोपं, म्हणून तेवढीच सोलत. झाड उभ्याउभ्या वाळे. आबनुसाचं लाकूड चुन्याच्या भट्टीत सरपण म्हणून गेलं. आल्फ्रेड रसेल वॉलेसने 1880 सालच्या 'आयलंड लाइफ' या पुस्तकात यातला एक पत्रव्यवहार दिला आहे. 1745 साली बेटावरच्या गव्हर्नरने लंडनला कळवलं की कोवळ्या आबनुसाची साल शेळ्या खाऊन टाकतात, तेव्हा तिथल्या शेळ्या मारण्याचा हुकूम दिला आहे. संचालकांचं उत्तर आलं ते असं, की शेळ्या मारू नयेत, त्यांचं मोल आबनुसापेक्षा जास्त आहे.

हे उत्तर वाचलं त्या रात्री मला काकींचं हसू आलं नाही. माझं आलं. त्यांनी विचारलेला प्रश्न पावणेतीनशे वर्षांपूर्वी लंडनच्या कचेरीत पोचला होता, आणि तिथल्या जमाखर्चात त्याचा निकालही लागला होता.

लिहून ठेवणारे कधी आले?

या बेटावर शास्त्रज्ञ काही कमी आले नाहीत. पहिले आले ते आकाश बघायला. एडमंड हॅली वयाच्या विशीत, 1677 साली इथे आला. दक्षिणेकडचे तारे युरोपातून दिसत नाहीत म्हणून. ढगांनी त्याला फार छळलं, तरी त्याने 341 ताऱ्यांची यादी केली आणि सूर्यबिंबावरून जाणारा बुध पाहिला. 1761 साली शुक्राचं अधिक्रमण पाहायला नेव्हिल मॅस्केलाइन आला. ऐन वेळी ढग आले. पण त्याच प्रवासात त्याने चंद्राच्या अंतरावरून जहाजाचं रेखांश काढायची रीत पारखून घेतली, आणि तिचा उपयोग पुढे पिढ्यान्‌पिढ्या नाविकांना झाला.

वनस्पती पाहणारे त्यानंतरचे. बँक्स आणि सोलँडर 1771 च्या मे महिन्यात उतरले. 1 तारखेला आले, 4 तारखेला निघाले. तीन वर्षांच्या सफरीतून थकून परतणारी माणसं, आणि हातात तीन दिवस. 1775 साली कुकच्या दुसऱ्या सफरीत योहान आणि गेओर्ग फोर्स्टर हे बापलेक आले. त्या मुक्कामाची एक मजा सांगण्यासारखी आहे. पहिल्या सफरीवरच्या छापील पुस्तकात सेंट हेलेनाच्या रहिवाशांवर टीका होती, की हे लोक गुलामांना वाईट वागवतात आणि बेटावर हातगाडीसुद्धा नाही. पुस्तक बेटावर पोचलं होतं. कुक दुसऱ्यांदा आला तेव्हा यजमानांनी त्याच्या बिऱ्हाडासमोर रोज हातगाड्या आणून उभ्या केल्या. तीन दिवसांच्या मुक्कामावर लिहिलेल्या मजकुराचं काय होतं, हे माझ्यासारख्या लिहिणाऱ्याने ध्यानात ठेवावं.

कॅप्टन ब्लायचं 'प्रॉव्हिडन्स' जहाज 1792 च्या डिसेंबरात आलं. 'बाउंटी'वरचं 1789 चं बंड अनेकांना माहीत असतं. ते जहाज ताहितीहून नीरफणसाची एक हजारावर रोपं घेऊन वेस्ट इंडीजला निघालं होतं, तिथल्या मळ्यांवरच्या गुलामांना स्वस्त अन्न मिळावं म्हणून. बंडखोरांनी रोपं समुद्रात फेकली. 'प्रॉव्हिडन्स'ची ही दुसरी खेप. ताहितीहून दोन हजारांवर रोपं निघाली. काचेच्या बंद पेटीतून रोपं नेण्याची युक्ती एकोणिसाव्या शतकातली. तोवर रोपांना खाऱ्या तुषारांपासून जपायचं, पानांवरचं मीठ गोड्या पाण्याने धुवायचं, आणि ते गोडं पाणी खलाशांच्या वाट्यातून काढायचं. म्हणून रोपांच्या जहाजाला बेट माणसांपेक्षाही जास्त निकडीचं. निम्म्याहून जास्त रोपं वाटेत मेली. काही नीरफणस सेंट हेलेनाला ठेवले, बाकीचे 1793 च्या सुरुवातीला सेंट व्हिन्सेंट आणि जमैकाला पोचले. आमच्या परड्यात नीरफणसाचं एक झाड आहे. त्याचे काप तव्यावर परतताना ब्लाय आणि त्याच्या पाण्याचा हिशेब मला अनेकदा आठवतो.

बेटावर खऱ्या अर्थाने वेळ काढून झाडं पाहिली ती दोघांनी. विल्यम बर्चेल 1805 ते 1810 तिथे राहिला, शाळामास्तर म्हणून आणि कंपनीचा वनस्पतितज्ज्ञ म्हणून. त्याने नमुने वाळवले, चित्रं काढली. दुसरे विल्यम रॉक्सबर्ग. कलकत्त्याच्या वनस्पती उद्यानाचे वीस वर्षं प्रमुख, भारतीय वनस्पतिशास्त्राचे एक जनक. 1813 साली प्रकृती ढासळून स्वदेशी परतताना ते सेंट हेलेनाला काही महिने थांबले आणि आजारपणातही बेटावरच्या वनस्पतींची यादी केली. 1815 साली ते वारले. यादी 1816 साली बेटाच्या गव्हर्नराच्या पुस्तकाला जोडून छापली गेली. आधी उल्लेख केलेल्या, बोरीच्या कुळातल्या 'ऑलिव्ह'ला पहिलं शास्त्रीय नाव दिलं ते रॉक्सबर्गनी.

आता तारखा शेजारी ठेवून पाहा. शेळ्या सोळाव्या शतकाच्या सुरुवातीला. बँक्स 1771. बर्चेल 1805. रॉक्सबर्ग 1813. म्हणजे शेळ्यांनी सुमारे अडीचशे वर्षं चरून झाल्यावर पहिला वनस्पती जाणणारा माणूस किनाऱ्याला लागला, आणि नीट यादी व्हायला तीनशे वर्षं उलटली. डार्विन 1836 च्या जुलैत 'बीगल'वरून आला, तेव्हा त्याने लिहिलं की बेटावर 746 वनस्पती आहेत, त्यांतल्या मूळच्या अवघ्या 52. बाकी बाहेरून, बहुतेक इंग्लंडहून आणलेल्या. त्याला मातीत नामशेष झालेल्या गोगलगायींचे शंख सापडले. रान गेलं म्हणून त्या गेल्या, असं त्याने अनुमान केलं. जोसेफ हूकर तरुणपणी दोनदा या बेटावर येऊन गेला होता. 1866 साली बेटांवरच्या वनस्पतींबद्दल व्याख्यान देताना त्याने अंदाज केला, की शेळ्या आल्यापासून सेंट हेलेनाच्या सुमारे शंभर वनस्पती कुणाच्याही नोंदीत न येता गेल्या असाव्यात.

म्हणजे 'बेटाच्या मूळ वनस्पती' म्हणून आपण जी यादी वाचतो, ती मूळ वनस्पतींची यादी नाहीच. शेळ्यांच्या तोंडून जे सुटलं त्याची ती यादी आहे. बर्चेलने पाहिलेलं हेलियोट्रोपच्या जातीचं एक झुडूप त्याच्यानंतर कुणालाही दिसलं नाही. एका माणसाने, एकदा, पाहिलं. तो मास्तर त्या वाटेला गेला नसता तर हे झुडूप होतं, हेही आपल्याला कळलं नसतं.

थांब्यांची परतफेड

यात शास्त्राला निर्दोष ठरवता येत नाही. संग्राहकांची जहाजं जशी झाडं नेत, तशी आणतही. बँक्सच्या मनात कलकत्ता, सेंट हेलेना, सेंट व्हिन्सेंट आणि लंडनजवळचं क्यू यांच्या बागा एका साखळीत जोडायच्या होत्या. उपयोगी झाड एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला न्यायचं आणि मधल्या बेटावर त्याला दम खाऊ द्यायचा. त्यातून पुष्कळांचं पोट भरलं, हे खरं. पण कुकच्या सफरींतच युरोपीयांना न्यूझीलंडचं फ्लॅक्स हे चिवट धाग्याचं झुडूप कळलं, त्याला फोर्स्टर बापलेकांनी शास्त्रीय नाव दिलं, आणि विसाव्या शतकात सेंट हेलेनाच्या उंच, धुकट माथ्यांवर त्याचेच मळे झाले. तिथलं उरलंसुरलं मूळ रान त्यासाठी साफ झालं. त्या धाग्याची सुतळी ब्रिटिश टपालखातं विकत घेई. 1966 साली खात्याने कृत्रिम धाग्याची दोरी वापरायला घेतली आणि धंदा बसला. झुडूप मात्र माथ्यावर तसंच राहिलं.

तरी उरलेल्यांची कथा पूर्ण अंधारी नाही. आबनूस शंभराहून जास्त वर्षं नामशेष मानलं जात होतं. 1980 च्या नोव्हेंबरात बेटावरचा जॉर्ज बेंजामिन हा जाणता माणूस आणि वनस्पतिशास्त्रज्ञ क्वेंटिन क्रॉंक यांना समुद्राकडच्या उभ्या कड्यावर त्याची दोन झुडपं दिसली. जॉर्जचा भाऊ दोराने खाली उतरला आणि त्याने फांद्या आणल्या. त्या कलमांपासून पुढे हजारो रोपं झाली. ऑलिव्हचं नशीब तेवढं नव्हतं. तेही 1977 साली जॉर्ज बेंजामिनलाच पुन्हा सापडलं होतं. पण रानातलं शेवटचं झाड 1994 साली मेलं, आणि लावलेली उरलीसुरली रोपं बुरशीने 2003 साली गेली. मनुष्यप्राणी सगळा जीव लावून राखत असताना, नाव-गाव माहीत असताना, एक अख्खी जात डोळ्यांदेखत संपली. रॉक्सबर्गनी नाव दिल्यापासून दोनशे वर्षंही झाली नव्हती.

गमवूडची लागवड 2000 सालापासून तिथले रहिवासी स्वतः श्रमदानाने करत आहेत. जिथे एकेकाळी मोठं रान होतं, त्याच उघड्या माळावर. बेटावर लोकसंख्या चार-साडेचार हजार. आपल्याकडच्या एका मोठ्या गावाएवढी.

दुरुस्ती

गेल्या शिमग्यानंतर मी मुद्दाम काकींकडे गेलो. ओसरीवर बसून त्यांना हे सगळं सांगितलं. आबनुसाच्या सालीचं, लंडनच्या उत्तराचं, कड्यावरच्या दोन झुडपांचं. त्या सुपात कुळीथ पाखडत ऐकत होत्या. शेळ्यांना दोष देतो आहे असं वाटून मी चाचरत होतो. त्या म्हणाल्या, "बकऱ्येचो काय दोष? तिका सोडलल्यान बगूक होया होता." शेळीचा काय दोष, जिने सोडली त्याने बघायला हवं होतं. मग त्यांनी विचारलं, ती दोन झुडपं कड्यावरच कशी उरली? मी सांगितलं, तिथवर शेळीचा पाय पोचला नाही. त्यावर त्या एवढंच म्हणाल्या, "थंयसर पण पोचतत त्यो."

त्यांचं म्हणणं खरं आहे. शेळी जवळपास कुठेही पोचते. ती झुडपं उरली हा हिशेब नव्हे, योग म्हणायचा.

लोपिशबद्दल माझ्या मनात आजही आदर आहे. ज्या राजसत्तेने त्याचे हात छाटले, तिच्याच खलाशांना त्याने उरलेल्या बोटांनी फळं पिकवून दिली. शेळ्या त्याने आणल्या नाहीत. त्या जहाजांनी सोडल्या, आणि प्रत्येक जहाज पुढच्या जहाजाचा विचार करत होतं. फक्त पुढच्या जहाजाचा. बेटाचा विचार करायला तिथे कुणी राहत नव्हतं, आणि जे राहायला आले त्यांचा जमाखर्च लंडनला लिहिला जात होता.

माझ्या त्या जुन्या व्याख्यानाची टंकलिखित प्रत वाचनालयात ठेवलेली आहे. तिथे जाऊन मी पहिल्या पानावरचा 'ओसाड' हा शब्द खोडला आणि समासात 'निर्मनुष्य' असं लिहून खाली तारीख घातली. त्या प्रतीवरून कुणी काही लिहिणार असेल, तर त्याने ही दुरुस्ती पाहावी.